एरर बार नेमका किती लांब काढायचा?

प्रश्न : सर नमस्कार, मी पुण्यात केंब्रिजची ए लेव्हल करतेय. फिजिक्सच्या पेपर ५ मधे दुसऱ्या प्रश्नात टेबल भरून ग्राफ काढायचा असतो, तिथे माझे दरवेळी पाच-सहा मार्क जातात. अनसर्टन्टीचे, म्हणजे मोजमापातल्या अनिश्चिततेचे, फॉर्म्युले पाठ आहेत पण एरर बार किती लांब काढायचा आणि ती वर्स्ट लाईन कुठून न्यायची हे कळतच नाही. मैत्रीण म्हणते अंदाजे काढ, चालतं का?
– एक विद्यार्थिनी, पुणे

उत्तर : अंदाजे अजिबात नको गं. एरर बार म्हणजे ग्राफवरच्या बिंदूतून वरखाली काढलेली, त्याची अनसर्टन्टी दाखवणारी रेघ. बार मोजून काढायचा असतो आणि तपासणारेही तो मोजूनच बघतात, अर्ध्या छोट्या चौकोनापेक्षा जास्त चूक झाली की मार्क गेला. सव्वा तासाच्या ३० मार्कांच्या पेपरात प्रश्न दोनच, म्हणजे या एका प्रश्नाला १५ मार्क आहेत, ते असे सोडायचे नाहीत.

पेंड्युलमचंच घेऊ. लांबी ०.६० मीटर, २० आंदोलनांना लागले ३१.० सेकंद, स्टॉपवॉच दाबताना बोट थोडं मागेपुढे होतं म्हणून ±०.२ धरलेत. एका आंदोलनाचा वेळ, म्हणजे टी, आला १.५५ सेकंद. आता ३१ ला २० ने भागलंस तर त्या ०.२ लाही २० ने भागायचं, म्हणजे ±०.०१, इथे बरीच मुलं ०.२ तसंच पुढे नेतात आणि मग बार कागदाबाहेर जातो. ग्राफच्या आडव्या अक्षावर लांबी आणि उभ्या अक्षावर टी नाही तर टी स्क्वेअर घ्यायचाय, तो २.४०. वर्ग केला की टक्केवारी दुप्पट होते, १.५५ मधे ०.०१ म्हणजे ०.६५ टक्के, त्याचे झाले १.३, आणि २.४० चे १.३ टक्के म्हणजे ०.०३. पटत नसेल तर सरळ १.५६ चा वर्ग कर, २.४३ येतो, फरक तोच.

मी वर्गात ही दुसरी पद्धतच आधी शिकवतो कारण ती लॉगलाही तशीच चालते. टेबलमधे लॉग टी मागितला तर १.५६ चा लॉग वजा १.५५ चा लॉग, उत्तर ०.००३, झालं. ०.०१ चाच लॉग काढून ±२ लिहिणारी मुलं दरवर्षी भेटतात, अरे मूळ आकडाच ०.१९० आहे, त्याला ±२ कसं असेल, एवढं थांबून बघितलं तरी चूक दिसते.

आता बार. समजा उभ्या अक्षावर मोठा चौकोन ०.२ चा घेतलास, त्यात दहा छोटे, म्हणजे छोटा चौकोन ०.०२ चा. मग ०.०३ म्हणजे बिंदूपासून दीड चौकोन वर आणि दीड चौकोन खाली, पूर्ण बार तीन चौकोनांचा. तुझी चूक बहुतेक इथेच होत असणार, पूर्ण बारच ०.०३ चा काढला जातो, म्हणजे निम्माच. ± चा अर्थच दोन्हीकडे तेवढं असा आहे. आणि प्रत्येक बिंदूचा बार त्याच्या त्याच्या आकड्याने, पहिल्याचा बघून सगळे सारखे काढू नकोस, टी वाढला की टी स्क्वेअरची अनसर्टन्टी पण वाढते.

बेस्ट फिट लाईन, म्हणजे सगळ्या बिंदूंच्या जास्तीत जास्त जवळून जाणारी रेघ, आधी काढून घे, मग वर्स्ट. वर्स्ट म्हणजे सगळ्या बारांमधून जाऊ शकणारी सगळ्यात उभी किंवा सगळ्यात आडवी रेघ, दोन्हीपैकी कुठलीही एक पुरते. आडवी हवी असेल तर पारदर्शक पट्टी पहिल्या बारच्या वरच्या टोकावर आणि शेवटच्या बारच्या खालच्या टोकावर ठेव, मधला एखादा बार सुटत असेल तर तो सापडेपर्यंत पट्टी हळूच फिरव. रेघ तुटक काढ आणि शेजारी नाव लिही, नाहीतर कुठली कोणती ते तुलाच कळणार नाही.

स्लोपसाठी, म्हणजे रेघेच्या चढासाठी, बिंदू रेघेवरचे घे, टेबलमधले नाही, आणि लांब लांबचे घे, निदान अर्धी रेघ तरी मधे आली पाहिजे. समजा बेस्टचा स्लोप ४.०८ आला आणि वर्स्टचा ३.९३, तर स्लोपची अनसर्टन्टी ०.१५, म्हणजे ३.७ टक्के. गुरुत्वीय त्वरण जी (g) काढायला चार पाय स्क्वेअरला (४π²) स्लोपने भागायचं, येतं ९.६८. पाय आणि चार यांना अनसर्टन्टी नाही त्यामुळे जीची टक्केवारीही ३.७ च, म्हणून ९.७ ± ०.४ मीटर प्रति सेकंद वर्ग. ९.८१ यात बसतंय, म्हणजे आपला प्रयोग ठीक झाला. इंटरसेप्ट, म्हणजे रेघ उभ्या अक्षाला जिथे छेदते तो आकडा, मागितला तर वर्स्टचा इंटरसेप्ट वर्स्टच्याच रेघेवरचा बिंदू घेऊन काढ, स्लोप एका रेघेचा आणि बिंदू दुसरीचा असं करू नकोस.

प्रश्न : मुलगा अकरावीला आहे. दोन रीडिंग वजा करताना त्यांची त्रुटी पण वजा का करत नाहीत, बेरीज का? मला समजावता आलं नाही.
– एक पालक, सांगली

उत्तर : स्प्रिंग घ्या. वजन लावायच्या आधी टोक १८.१ सेंमीवर, नंतर २४.३ वर, दोन्ही ±०.१. वाढ ६.२. पण खरं टोक आधी १८.० आणि नंतर २४.४ असेल तर वाढ ६.४ होते, उलट असेल तर ६.०. म्हणजे ±०.२, बेरीजच झाली. वजा केली असती तर त्रुटी शून्य आली असती, मोजपट्टीने मोजून शून्य त्रुटी कशी येईल, हे त्याला विचारा, तो स्वतःच सांगेल. आणि हेही दाखवा की मूळ रीडिंगमधे अर्ध्या टक्क्याच्या आसपास असलेली त्रुटी वजाबाकीनंतर ३.२ टक्के झाली. स्प्रिंग ताणून खराब होणार नाही एवढं बघून वजन दुप्पट लावलं तर वाढ १२.४ होईल आणि तेच ±०.२ मग १.६ टक्क्यांवर येईल.