चौकट बदलल्याने उजेडाचा हक्क जातो का?

आर्वी तालुक्यातील एका वाचकांच्या गावठाणातील पन्नास वर्षांच्या घराच्या सागवानी खिडक्यांना वाळवी लागली आहे. तेथे त्यांना ॲल्युमिनियमच्या सरकत्या आणि थोड्या रुंद खिडक्या बसवायच्या आहेत. मात्र 2011 च्या वाटणीत लगतचे अंगण ज्यांच्या हिश्श्याला आले, ते चुलतभाऊ म्हणतात की जुनी चौकट निघाली की खिडकीतून उजेड घेण्याचा हक्क संपतो, आणि मग ते अंगणात खिडक्यांसमोर भिंत बांधणार.

चुलतभावांचे हे म्हणणे कायद्याला धरून नाही, कारण हक्क लाकडाचा नसून त्या झरोक्यातून येणाऱ्या उजेडाचा आणि हवेचा असतो. तथापि, घर पन्नास वर्षांचे आहे या मुद्द्यावर आपण फार विसंबू नये. भारतीय सुविधाधिकार अधिनियम, 1882 च्या कलम 15 नुसार वीस वर्षांच्या अखंड वहिवाटीने असा हक्क मिळतो खरा. पण घर आणि अंगण एकाच कुटुंबाचे असताना स्वतःच्याच जागेवर वहिवाट चालत नाही, म्हणून ती वर्षे 2011 पासूनच मोजली जातील. आपला खरा आधार कलम 13 आहे. वाटणीच्या वेळी खिडकी उघड दिसत होती, तिचा उपभोग सतत चालू होता आणि घर तेव्हासारखेच वापरण्यासाठी ती आवश्यक असेल, तर वाटणीपत्रात विरुद्ध काही लिहिलेले नसल्यास तो उजेड आपल्या हिश्श्यासोबतच आलेला आहे. वाटणीपत्र याच दृष्टीने पुन्हा नीट वाचावे.

रुंदीचा मोह मात्र सोडावा. कलम 23 नुसार शेजाऱ्यावरचा भार वाढणार नाही इतकाच बदल करता येतो, त्यामुळे मोजमाप आणि जागा जुनीच ठेवावी. सरकती खिडकी निवडलीत हे उत्तमच, कारण पल्ले अंगणावर उघडण्याचा वाद उरत नाही. नवा छज्जा मात्र काढू नये.

काम सुरू करण्यापूर्वी जुन्या खिडक्यांची छायाचित्रे काढावीत, पंचांसमक्ष मोजमाप लिहून त्यांच्या सह्या घ्याव्यात आणि ग्रामपंचायतीस दुरुस्तीची लेखी सूचना देऊन पोच घ्यावी. एवढे करूनही चुलतभावांनी भिंतीचा पाया खोदलाच, तर वकिलामार्फत नोटीस देऊन तालुक्याच्या दिवाणी न्यायालयात मनाई हुकुमाचा दावा त्वरित दाखल करावा. त्यात खोली अंधारी होऊन भरीव नुकसान होईल हे दाखवावे लागते, आणि उभी राहिलेली भिंत पाडून घेणे हे बांधकाम थांबवण्याहून पुष्कळ कठीण असते.