जर्मन ऑफिसात सगळ्यांदेखत चूक काढतात, तेव्हा काय समजायचं?

तुमचा प्रश्न असा: पुण्याहून स्टुटगार्टच्या ऑफिसात बदली होते आहे. कॉलवर तिथले सहकारी सगळ्यांसमोर चुका दाखवतात, शिवाय 'हो म्हणता आणि वेळेत देत नाही' असंही ऐकवतात. वागायचं कसं?

आधी दुसरी तक्रार घेतो, कारण खरं नुकसान तिथे होतं. वरिष्ठांनी विचारलं की तोंडावर नाही म्हणायचं नाही, ही आपली सवय. 'शुक्रवारपर्यंत होईल' म्हणून मोकळे होतो आणि बघू, गरज पडली तर रात्री बसू, असं मनात धरतो. समोरचा मात्र तो शुक्रवार प्लॅनमध्ये टाकतो, सोमवारचा टेस्ट बेंच, म्हणजे चाचणीची यंत्रणा, बुक करतो, पुढच्या टीमला कळवतो. शुक्रवारी संध्याकाळी त्याला 'थोडं राहिलंय' कळलं, की बेंच रिकामा जातो आणि त्यानंतर तुमच्या कुठल्याच तारखेवर त्याचा भरवसा राहत नाही. हेच मंगळवारी कळवलं असतं तर फारसं कुणी काही म्हटलं नसतं.

म्हणून तारीख देताना अट सोबत द्या: 'टेस्ट डेटा सोमवारी सकाळी मिळाला तर बुधवारी दुपारी 3 पर्यंत रिपोर्ट देतो, नाही मिळाला तर शुक्रवार.' अडचण दिसली की त्याच दिवशी मेल टाका. त्यात काय अडलं, का अडलं आणि नवी तारीख, एवढंच हवं. माफीचे दोन परिच्छेद नकोत. माहीत नसेल तर 'आज सांगता येणार नाही, उद्या 11 वाजता सांगतो' हे चांगलं उत्तर धरतात, फक्त उद्या 11 वाजता खरंच सांगा.

आता चुकांचं. 'हा आकडा बरोबर नाही' हे वाक्य तिथे शीटमधल्या आकड्याबद्दल असतं, तुमच्या लायकीबद्दल नाही. मीटिंग संपल्यावर तोच माणूस तुमच्याबरोबर निवांत कॉफी प्यायला येतो. तेव्हा लगेच सॉरी म्हणून गप्प बसू नका. 'कुठली ओळ? तुम्ही कुठलं गृहीतक धरलंय?' असं विचारा आणि तुमचं बरोबर असेल तर कारण देऊन ठामपणे सांगा. त्यांना तेच अपेक्षित असतं. गप्प राहिलात तर तुम्हाला पटलं असं धरतात. मीटिंगनंतर इतिवृत्त येतं: कोण, काय, कधीपर्यंत. ते त्याच दिवशी वाचा. दोन आठवड्यांनी 'मला हे मान्यच नव्हतं' म्हटलं तर कुणी ऐकत नाही.

उशिरापर्यंत बसून छाप पडत नाही. सध्याच्या कायद्यानुसार दिवसाचे 8 तास. 10 पर्यंत जाता येतं, पण 6 महिन्यांची सरासरी 8 वर आली पाहिजे. दोन कामाच्या दिवसांमध्ये सलग 11 तासांची विश्रांतीही लागते. रोज रात्री दहाला मेल गेले तर काम झेपत नाही किंवा नियोजन चुकतंय, असा अर्थ निघतो.

आजारी पडलात तर काम सुरू व्हायच्या आधी कळवा. आजार काय ते सांगायचं बंधन नाही. तीन दिवसांपेक्षा जास्त असेल तर डॉक्टरांचा दाखला लागतो, पण कंपनी पहिल्या दिवसापासूनही मागू शकते, म्हणून करार नीट वाचा. सरकारी आरोग्य विमा असेल तर 2023 पासून कंपनी हा दाखला ऑनलाइन घेते. रजेत आजारी पडलात आणि दाखला असेल तर ते दिवस रजेतून कापत नाहीत. हे आपल्या बऱ्याच लोकांना ठाऊकच नसतं आणि हक्काची रजा वाया जाते.

पाच दिवसांच्या आठवड्याला कायद्याने किमान 20 दिवस रजा मिळते, बऱ्याच कंपन्या 30 च्या आसपास देतात. गणपतीला घरी यायचं असेल तर जानेवारीतच अर्ज टाका. ऑगस्टमध्ये तिथे शाळांना सुट्टी असते आणि मुलं असलेल्या सहकाऱ्यांचा विचार आधी होतो. जाताना बदली माणसाचं नाव आणि पानभर नोट ठेवा.

'सर' म्हणू नका. आडनावाने सुरुवात करा, पहिल्या नावावर यायचं ते वरिष्ठ सुचवतील. बऱ्याच आयटी कंपन्यांत मात्र पहिल्या दिवसापासून सगळे नावानेच बोलतात. पगार, लग्न, मुलं हे विषय तुम्ही काढू नका. तुमच्या वाढदिवसाला खाऊ तुम्हीच न्यायचा असतो. बेसनाचे लाडू चालतील, पण त्यात काजू-बदाम असतील तर डब्यावर चिठ्ठी लावा, कुणाला अ‍ॅलर्जी असू शकते.

आणि व्हिडिओ कॉलवर आपण मान दोन्ही बाजूंना डोलावून होकार देतो, तो त्यांना नकारासारखा दिसतो. प्रत्येक मुद्द्याला तोंडाने हो किंवा नाही म्हणा.