एका बाराव्या हिश्श्यावर अडलेलं घर

प्रश्न : मानेवाडा भागात आमच्या बाबांनी बांधलेलं घर आहे. प्लॉट तीस बाय पन्नासचा, 1988 साली एका गृहनिर्माण संस्थेकडून रजिस्ट्री करून घेतलेला. बाबा 2009 मध्ये गेले. धाकटा भाऊ 2021 च्या एप्रिलमध्ये कोरोनानं गेला. त्याची बायको आणि 11 वर्षांची मुलगी आता वर्ध्याला माहेरी असतात. बहीण रायपूरला, आई माझ्याजवळ. घर विकायला काढून दोन वर्षं झाली. 84 लाखांवरून 72 वर आलो, दोन दलाल बदलले, वास्तूसाठी फाटकाची जागाही बदलली. एका नोकरदार जोडप्यानं 51 हजार टोकन दिलं, महिन्याभरात परत नेलं. एक गृहस्थ घर पाहून खूश होते, 'आर.एल. (प्लॉट नियमित झाल्याचं पत्र) आहे का?' विचारून गेले ते पुन्हा आले नाहीत. आता एक व्यापारी 60 लाख रोख म्हणतो, पण नोटरीचं इसारपत्र आणि आममुखत्यारपत्र करून द्या म्हणतो. बहीण आणि वहिनी हक्कसोडपत्राला तयार आहेत. वहिनी मुलीच्या वतीनंही सही करून देईल. टॅक्स पावती माझ्या नावावर आहे. किंमत अजून उतरवावी का? (एक वाचक, नागपूर. पत्र इथे थोडक्यात दिलं आहे.)

उत्तर :

भाऊ, किंमत आता एक रुपयाही उतरवू नका. तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. त्यात आलेल्या तीन गिऱ्हाइकांपैकी एकानंही घराला नाव ठेवलेलं नाही. फ्रिज कुठे ठेवायचा म्हणून त्या जोडप्यानं स्वयंपाकघराची भिंत टेपनं मोजली, असं तुम्हीच लिहिलंय. भिंत मोजून गेलेली माणसं दोन-चार लाखांसाठी टोकन परत नेत नाहीत. त्यांना मागे फिरायला लावलं ते बँकेनं.

तुम्हाला त्यांनी फक्त 'कर्ज झालं नाही' एवढंच सांगितलं आणि तुम्ही ते त्यांच्या पगारावर ढकललं. गृहकर्जात बँक पगार पाहते तसं तुमचं घरही पाहते. बँकेच्या यादीवरचा वकील दुय्यम निबंधक कार्यालयात साधारण 30 वर्षांचा शोध घेतो, मालकीची साखळी जोडून पाहतो आणि एखादी कडी सुटली की लेखी आक्षेप काढतो. तो कागद त्या जोडप्याकडे असणार. आधी त्यांना फोन करा, टोकनचा विषय काढू नका, तेवढी प्रत मागा. घोडं कुठे पेंड खातंय ते त्या एका पानावर लिहिलेलं सापडेल. तुम्ही पाठवलेले कागद पाहून मला मात्र ते आत्ताच दिसतंय.

प्लॉट बाबांनी स्वतःच्या कमाईतून घेतला आणि मृत्युपत्र केलं नाही, असं धरून चालते. मग 2009 मध्ये हिंदू वारसा कायद्याप्रमाणे चौघं सारखे वारस झाले : आई, तुम्ही, बहीण आणि भाऊ. प्रत्येकाचा पाव हिस्सा. भाऊही मृत्युपत्राविना गेला, तेव्हा त्याचा पाव हिस्सा तिघींत वाटला गेला : त्याची बायको, त्याची मुलगी आणि त्याची आई. मुलाच्या मागे आईही पहिल्या वर्गातली वारस असते, हे पुष्कळ घरांत माहीतच नसतं. म्हणून आज आईचा एक तृतीयांश, तुमचा पाव, बहिणीचा पाव, वहिनीचा एक बारांश आणि त्या 11 वर्षांच्या मुलीचा एक बारांश.

घर अडलंय ते या शेवटच्या बाराव्या हिश्श्यावर.

टॅक्स पावती तुमच्या नावावर आहे म्हणून घर तुमचं झालं, हे डोक्यातून काढून टाका. महापालिका कर कोणाकडून घ्यायचा ते ठरवते, मालक कोण ते ठरवत नाही. फेरफाराचंही तेच, नाव चढल्यानं हक्क तयार होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं वारंवार सांगितलंय.

आता वहिनींच्या सहीचं बघू. त्या मनानं चांगल्या आहेत आणि अडवत नाहीत, ही मोठी गोष्ट आहे. पण 1956 च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याचं कलम 8 म्हणतं की नैसर्गिक पालकालासुद्धा, म्हणजे आईलासुद्धा, अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालच्या, मुलाची स्थावर मालमत्ता न्यायालयाच्या आगाऊ परवानगीशिवाय विकता येत नाही. दान किंवा दुसऱ्या कोणत्याही मार्गानं ती सोडून देताही येत नाही. हक्कसोडपत्रानं पळवाट निघेल असं तुम्हाला वाटतंय, पण मुलीच्या वतीनं केलेलं हक्कसोडपत्र याच कलमात अडकतं. वर त्यात मुलीच्या हातात काहीच पडत नसल्यानं ते उलट जास्त कच्चं.

परवानगीशिवाय रजिस्ट्री केलीत तर ती लगेच रद्द होत नाही. ती मुलीच्या मर्जीवर टांगलेली राहते. अठरा पूर्ण झाल्यावर तीन वर्षांच्या आत तिला न्यायालयात जाऊन ती रद्द करून मागता येते. आज ती 11 वर्षांची आहे, म्हणजे घेणाऱ्याच्या डोक्यावर दहा वर्षं टांगती तलवार. कर्ज फिटायला वीस वर्षं लागणार असतील तर कुठली बँक त्यावर पैसे देईल? ते जोडपं का फिरलं, ते आता लक्षात आलं असेल.

आणि हिशेब असाही करून बघा. 84 लाखांत त्या मुलीचे 7 लाख होते. 72 वर आलात तेव्हा 6 राहिले. व्यापाऱ्याच्या 60 लाखांत 5 होतील. तुम्ही तुमच्या मनानं सोडलेल्या 12 लाखांत एक लाख त्या बापाविना लेकराचे होते. तुमच्या मनात खोट नव्हती, हे पत्रातूनच दिसतं. पण न्यायाधीश हाच आकडा पाहणार आहेत, म्हणून तो आधी तुम्ही पाहावा असं मला वाटतं.

त्या व्यापाऱ्याला सरळ नाही म्हणा. नोटरीचं इसारपत्र आणि आममुखत्यारपत्र यांनी घराची मालकी जात नाही. ऑक्टोबर 2011 मध्ये सूरज लॅम्प प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं हे स्पष्ट केलंय. मालकी जाते ती नोंदणीकृत विक्रीपत्रानंच. मुखत्यारपत्र देणारा माणूस गेला की साधारणपणे ते मुखत्यारपत्रही संपतं, आणि तुमची आई वयस्कर आहे. घराच्या व्यवहारात 20 हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीनं घेतली तर जेवढी घेतली तेवढाच दंड लागू शकतो. त्याला तुमच्या कागदातलं भोक माहीत आहे आणि तेच तो 60 लाखांत विकत घेतोय.

रस्ता आहे, आणि तो फार अवघडही नाही. वहिनींनी मुलीची पालक म्हणून नागपूरच्या जिल्हा न्यायालयात कलम 8 खाली अर्ज करायचा. मुलगी वर्ध्याला असली तरी अर्ज नागपुरातच, कारण घर इथे आहे. अर्ज त्यांच्याच नावानं हवा. काका म्हणून तुम्ही करू नका, वडिलांच्या मागे नैसर्गिक पालक आईच असते. विक्री गरजेची आहे का किंवा त्यात मुलीचा उघड फायदा आहे का, हे न्यायालय पाहतं. घर जुनं होत चाललंय, एक बारांश हिस्सा तिला वेगळा वापरता येत नाही, शिक्षणासाठी पैसा लागणार, ही कारणं खरी आहेत, ती साध्या शब्दांत लिहा. सोबत मान्यताप्राप्त मूल्यांकनकाराचा अहवाल आणि त्या भागाचा रेडी रेकनरचा (सरकारनं ठरवलेला) दर जोडा. बहुतेक वेळा मुलीची रक्कम ती सज्ञान होईपर्यंत राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत टाका, असा आदेश होतो. तो होण्याआधीच 'आम्ही ठेवू' असं अर्जात लिहून द्या. न्यायाधीशांना तेच ऐकायचं असतं आणि मुलीचंही त्यात भलं आहे.

बहीण आणि वहिनी यांच्या स्वतःच्या हिश्श्याचं हक्कसोडपत्र कायद्यानं होऊ शकतं, पण मी ते करायला सांगणार नाही. घर विकायचंच आहे तर पाचही जणांनी विक्रीपत्रात लिहून देणार म्हणून यावं, ज्याचा त्याचा हिस्सा ज्याच्या त्याच्या खात्यात चेकनं जावा. बहिणीनं हक्क सोडला आणि पैसे मात्र 'नंतर देऊ' राहिले, अशा कितीतरी फायली माझ्या टेबलावरून गेल्यात. पुढे राखीलाही बोलणं बंद होतं. रायपूरहून तिला एका दिवसासाठी बोलवा. अगदीच जमत नसेल तर तिनं तिथल्या निबंधक कार्यालयात रीतसर प्रमाणित केलेलं मुखत्यारपत्र पाठवावं, आणि ते आईच्या नावे असावं, तुमच्या नव्हे.

आता आर.एल. तुम्ही पाठवलेली पावती डिमांडची, म्हणजे शुल्क भरल्याची, आहे, 2006 ची. गुंठेवारीच्या, म्हणजे परवानगीशिवाय पाडलेल्या छोट्या प्लॉटांच्या, 2001 च्या कायद्याखाली प्लॉट नियमित करण्यासाठी शुल्क भरलं, एवढंच ती सांगते. प्लॉट नियमित झाला हे सांगणारं पत्र वेगळं असतं, त्यालाच आपण नागपुरात आर.एल. म्हणतो. ते निघालं आणि घरात हरवलं, की निघालंच नाही? बाबांची लोखंडी पेटी एकदा पूर्ण उपसा. नाही सापडलं तर मौजा, खसरा आणि प्लॉट क्रमांक लिहून तुमचा लेआऊट नागपूर सुधार प्रन्यासकडे आहे की महापालिकेकडे हे आधी विचारा, मग तिथे नकलेचा अर्ज द्या. टोलवाटोलवी झाली तर माहिती अधिकारात 10 रुपये भरून अर्ज करा, 30 दिवसांत उत्तर देणं बंधनकारक आहे. पत्र निघालंच नसेल तर सगळ्या वारसांच्या नावानं प्रकरण पुढे चालवावं लागेल. न्यायालयाचा अर्ज आणि हे काम एकाच वेळी सुरू करा, एकासाठी दुसरं थांबवू नका.

वरचा माळा 2012 मध्ये चढवला आणि त्याचा नकाशा मंजूर नाही, असं तुम्ही शेवटी ओझरतं लिहिलंय. बँकेचा मूल्यांकनकार अनेकदा मंजूर बांधकामच धरतो, म्हणून 72 लाखांचं घर बँकेच्या कागदावर कमी भरतं आणि गिऱ्हाइकाचं कर्ज तेवढं अपुरं पडतं. आर्किटेक्टला दाखवा. नियमात बसत असेल तर शुल्क भरून नियमित होईल. त्या माळ्यावरच्या किरायेदाराशी तुमचा लेखी, नोंदणीकृत करार नाही. महाराष्ट्रात तो नोंदवून घेण्याची जबाबदारी घरमालकाची असते आणि तो नसेल तर अटींबाबत किरायेदाराचं म्हणणं खरं धरलं जातं. म्हणून तो गोडीत आहे तोवरच घर कधी सोडणार ते तारखेसह लिहून घ्या.

नवं गिऱ्हाईक आलं की पहिल्याच भेटीत मुलीचा हिस्सा आणि परवानगीचा अर्ज, दोन्ही सांगून टाका. मालकीतला दोष माहीत असूनही लपवणं कायद्याला चालत नाही. आणि माझा अनुभव असा की आधी सांगितलेल्या अडचणीला लोक घाबरत नाहीत, नंतर कळलेल्या अडचणीला घाबरतात. थांबायला तयार असलेल्या माणसाशी इसारपत्र करा, पण व्यवहार न्यायालयाच्या परवानगीच्या अधीन आहे आणि ती न मिळाल्यास इसार पूर्ण परत, हे त्यात स्पष्ट शब्दांत घाला. असा ठरलेला भाव न्यायालयापुढे ठेवला तर अर्जालाही बळ येतं. जमलं तर त्या जोडप्यालाच विचारा. त्यांनी अजून घर घेतलं नसेल, तर ती भिंत त्यांची मोजून झालेलीच आहे.

व्यवहार 50 लाखांच्या वरचा असल्यानं घेणारा प्रत्येकाच्या रकमेतून एक टक्का कर कापेल, तेव्हा पुतणीचंही पॅन कार्ड आत्ताच काढायला टाका. भांडवली नफ्याचा कर प्रत्येकाचा आपापल्या हिश्श्याप्रमाणे, त्यासाठी सीएकडे एकदा जाऊन या.

वहिनींना न्यायालयाची पायरी एकटीनं चढायला लावू नका, पहिल्या तारखेला तुम्ही आणि आई सोबत जा. अर्जाला भावाचा मृत्यूदाखला, मुलीचा जन्मदाखला, 1988 चं विक्रीपत्र आणि सगळ्या वारसांची संमतीपत्रं लागतील. त्यातला जन्मदाखला आज रात्रीच वहिनींकडून व्हॉट्सॲपवर मागवा. शाळेत आणि आधार कार्डावर मुलीचं नाव आहे तेच त्यावर आहे ना, एवढं पाहा. नसेल तर आधी ते दुरुस्त करून घ्यावं लागेल.