कोपऱ्यावरचा ढीग पुन्हा का वाढतो? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

प्रश्न : आमच्या वस्तीतील तरुणांनी मोकळ्या भूखंडालगतचा कोपरा दोनदा साफ केला आणि तेथे ‘कचरा टाकू नये’ असा फलकही लावला. तरीही दर वेळी महिन्याभरात ढीग होता तसा होतो. लोकांना शिस्तच नाही, असे म्हणून नाद सोडावा काय?

उत्तर : नाद सोडू नये आणि सगळा दोष शिस्तीच्या माथीही मारू नये. एकाच जागी वारंवार पडणारा ढीग हा बहुतेक वेळा कोणाच्या तरी गैरसोयीतून निघालेला तोडगा असतो. ती गैरसोय कायम ठेवून नुसता ढीग उचलला, तर तो परत येणारच. म्हणून तिसऱ्यांदा झाडू हाती घेण्यापूर्वी आठवडाभर तो ढीग नीट पाहावा. त्यात गाठ मारलेल्या पिशव्या अधिक असतील, तर कचरा घरांतून येतो आहे आणि गाडी येते त्या वेळी घरी कोणी नसणारी काही कुटुंबे जवळपास राहतात, असे समजावे. वेष्टने, कप आणि सिगारेटची थोटके दिसत असतील, तर तो येणाऱ्या-जाणाऱ्यांचा कचरा आहे. जवळ कुंडी नसेल किंवा असलेली कुंडी भरून वाहत असेल. फुटक्या फरश्या, विटांचे तुकडे आणि रंगाचे डबे असतील, तर कोणाचे तरी वाहन रात्री तेथे रिकामे होते आहे. पहिल्या प्रकाराला गाडीची वेळ बदलून घेणे किंवा शेजाऱ्याकडे कचरा ठेवण्याची सोय करणे हा उपाय आहे, दुसऱ्याला वेळेवर रिकामी होणारी कुंडी, तर तिसऱ्याला दिवा आणि वाहन आत शिरू न देणारा अडसर. या तिन्हींवर एकच प्रबोधन फेरी काढून भागत नाही.

आता फलकाविषयी. नेदरलँड्समधील ग्रोनिंगेन येथील संशोधकांनी 2008 साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग या संदर्भात बोलका आहे. सायकली लावण्याच्या एका गल्लीत त्यांनी प्रत्येक सायकलीच्या मुठीला एक जाहिरातपत्रक अडकवले. जवळपास कुंडी ठेवली नव्हती. गल्लीतील भिंत स्वच्छ असताना 33 टक्के लोकांनी ते पत्रक जमिनीवर टाकले किंवा दुसऱ्याच्या सायकलीला अडकवून दिले. त्याच भिंतीवर रंगाचे फरकाटे मारल्यावर हे प्रमाण 69 टक्क्यांवर गेले. भिंतीवर रंगवण्यास मनाई करणारा फलक दोन्ही वेळा तेथेच होता. ज्या फलकाच्या पायाशीच ढीग पडलेला असतो, तो फलक येथे नियम मोडला तरी चालते हेच जाहीर करतो, म्हणून मी तो काढून टाकण्याच्या मताचा आहे. त्याऐवजी गाडी किती वाजता येते आणि ती चुकल्यास कचरा कोठे द्यावा, एवढे लिहिलेली पाटी लावावी.

साफसफाईनंतरचे पहिले तीन-चार आठवडे निर्णायक असतात. रात्री पडलेली पहिली पिशवी सकाळी उचलली गेली, तर दुसरी पडण्याची शक्यता कमी होते. ती दुपारपर्यंत राहिली, तर तिच्या शेजारी आणखी दोन येतात. तेव्हा मोठ्या मोहिमेचे छायाचित्र काढण्याआधी सकाळच्या फेरीची पाळी कोणाची, हे ठरवून घ्यावे.

प्रश्न : प्लास्टिकच्या डब्यांवर त्रिकोणात आकडा असतो. आकडा आहे म्हणजे त्या वस्तूचा पुनर्वापर होतो, असे समजावे का? आणि सगळे धुऊन द्यावे लागते का?

उत्तर : तसे समजू नये. 1988 साली अमेरिकेतील प्लास्टिक उद्योगाने सुरू केलेले हे आकडे प्लास्टिकचा केवळ प्रकार सांगतात. त्रिकोणातील बाणांमुळे घोटाळा होत असल्याने 2013 साली मानकात बदल करून साधा त्रिकोण घेण्यात आला, परंतु जुने साचे अजून चालू असल्याने बाण अनेक ठिकाणी दिसतातच. पाण्याच्या आणि शीतपेयांच्या बाटल्या (1), शाम्पू किंवा दुधाचे जाड डबे (2) आणि पुष्कळशी झाकणे व डबे (5) यांना बहुधा गिऱ्हाईक मिळते. फेसाळ, हलक्या पॉलिस्टायरिनला (6) आणि सरमिसळीच्या 7 या गटाला ते क्वचित मिळते. चकाकणाऱ्या पुड्यांमध्ये प्लास्टिक व ॲल्युमिनियमचे थर एकमेकांना चिकटवलेले असतात आणि ते सुटे करणे परवडत नाही. शेवटचा शब्द मात्र तुमच्याकडून माल घेणाऱ्याचा. तो काय घेतो हे त्यालाच विचारून यादी करावी आणि तीच जिन्यापाशी लावावी.

धुण्याचे म्हणाल, तर साबण नको. भांडी विसळलेल्या पाण्यात एकदा खळबळून निथळू द्यावे, एवढे पुरते. डब्याच्या तळाशी राहिलेला रस किंवा तेल गोणीतील कोरड्या कागदावर सांडते आणि चांगला विकला जाणारा कागद वाया जातो, हे खरे नुकसान आहे.

प्रश्न : मग कागद सगळाच चालतो ना?

उत्तर : नाही. तेलकट कागद, आतून प्लास्टिकचा पातळ थर असलेले कप आणि दुकानातील गुळगुळीत पावत्या वेगळ्या ठेवाव्यात. पावत्यांच्या कागदावर उष्णतेने काळा पडणारा रासायनिक लेप असतो. वर्तमानपत्रे, वह्या आणि खोकी द्यावीत.

प्रश्न : सामूहिक खतकुंडीला वास येतो म्हणून शेजारी ती बंद करायला सांगत आहेत. काय करावे?

उत्तर : वास येतो तो हवा न मिळाल्यामुळे. ओल्या कचऱ्यात नायट्रोजन आणि पाणी दोन्ही भरपूर असतात. जंतूंना त्याच्या जोडीला कार्बन हवा असतो आणि नायट्रोजनच्या एका भागाला कार्बनचे साधारण 25 ते 30 भाग हे प्रमाण त्यांना मानवते. हे घरी मोजत बसण्याची गरज नाही. एक बादली ओल्या कचऱ्यावर बादली-दीड बादली वाळका पालापाचोळा किंवा फाडलेले पुठ्ठे घालावेत आणि आठवड्यातून एकदा ढीग खालवर करावा. मूठभर मिश्रण घट्ट दाबल्यावर बोटांतून पाणी गळू लागले, तर पालापाचोळा कमी पडला आहे. अमोनियासारखा उग्र वास आला तरी हाच उपाय; कुजल्याचा वास आला, तर आधी ढीग उलथावा. शेजाऱ्यांची तक्रार रास्त आहे, तेव्हा त्यांना खताचे फायदे ऐकवण्याआधी कुंडीवर झाकण आणि शेजारी पाचोळ्याचे पोते ठेवावे.

प्रश्न : सुशोभीकरणासाठी थोडी वर्गणी जमली आहे. भिंतीवर चित्रे काढावीत, झाडांचे बुंधे रंगवून कट्टे बांधावेत, असा विचार आहे.

उत्तर : बुंधे रंगवू नयेत. तैलरंगाने सालीवरील श्वसनाची छिद्रे बुजतात आणि झाडाला त्याचा लाभ काहीच नाही. सिमेंटचा कट्टा बुंध्याला भिडवणे त्याहून वाईट. झाडाची अन्नपाणी शोषणारी बारीक मुळे जमिनीच्या वरच्या थरात, फांद्यांच्या पसाऱ्याच्याही बाहेर पसरलेली असतात. त्यावर फरशी आली की पाणी आणि हवा दोन्ही तुटतात. आधीच सिमेंट असेल, तर निदान मीटरभर अंतरापर्यंतचे फोडून माती मोकळी करावी. वर्गणीचा हा सर्वांत चांगला उपयोग ठरेल. भिंतीत ओल असेल, तर चित्र पावसाळ्यानंतर पोपडे धरते, त्यामुळे आधी गळती काढावी. नवी रोपे लावायची असल्यास, पहिली दोन वर्षे पाणी कोण घालणार त्यांची नावे हाती आल्यावरच खड्डे घ्यावेत आणि जितकी नावे तितकीच रोपे आणावीत.