पालथं करून बघ

बाळ,

अनेक आशीर्वाद.

तुझा मेल परवा रात्री वाचला आणि हसू आलं. लंडनमध्ये आल्यावर पहिल्याच शनिवारी पोर्टोबेलोचा जुना बाजार, तोही भर दुपारी साडेबाराला, आणि परत येताना हातात पितळेचं 'व्हिक्टोरियन' होकायंत्र! फोटो मोठा करून पाहिला. पितळ सगळीकडे सारखंच काळवंडलंय, बोट जिथं लागतं तिथंही आणि जिथं कधीच लागत नाही त्या बिजागरीच्या आतही. शंभर वर्षं कुणी हाताळलेली वस्तू अशी दिसत नाही. असली जहाजी उपकरणं आपल्याकडे रुरकीला आणि मुरादाबादला आजही बनतात, जुनी दिसतील अशी करून परदेशी जातात. तेव्हा तुझं होकायंत्र बहुतेक तुझ्यासारखंच अलीकडे भारतातून आलंय. फेकू नकोस, टेबलावर राहू दे. माझ्याही घरात असं एक आहे, त्याचं पुढे सांगते.

तू विचारलंस, "मावशी, जुन्या वस्तू ओळखायला शिकायचं तर सुरुवात कुठून करू?" खालून कर. दिसली वस्तू की पालथी कर. पुढून, वरून सगळ्याच वस्तू छान असतात, त्या त्यासाठीच घडवलेल्या असतात. तळाला, पाठीला, खणाच्या आतल्या बाजूला कारागीर कुणाला दाखवायला काम करत नव्हता, आणि नकली माल बनवणाराही तिथंच कंटाळा करतो.

आता माझी गोष्ट. मी इथं येऊन दोनेक वर्षं झाली होती. एका बाजारात, कुठल्या ते राहू दे, मला चांदीची किटली दिसली. विकणारे गृहस्थ फार लाघवी. किटली त्यांच्या आजीची, आजी कुणा उमरावाकडे घरकाम सांभाळायची, लग्नात मालकिणीने दिलेली वगैरे. ऐकता ऐकता माझे डोळे भरून आले आणि नव्वद पौंड गेले. खरं तर मी नव्वद पौंडांना आजी विकत घेतली, किटली वर आली. त्या उन्हाळ्यात पुण्याला गेले तेव्हा ती आमच्या नेहमीच्या सराफाला दाखवली. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, किटली पालथी केली, तळावरच्या चार बारक्या अक्षरांवर नख टेकवलं आणि काही न बोलता पोऱ्याला चहा सांगितला. चहा आला तेव्हाच मी काय ते समजले.

ती अक्षरं होती ई, पी, एन, एस. म्हणजे निकेल सिल्व्हरवर विजेने चढवलेला चांदीचा मुलामा. निकेल सिल्व्हर नावाचीच चांदी. आत तांबं, निकेल आणि जस्त. बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टन मंडळींनी १८४० मध्ये या मुलाम्याचं पेटंट घेतलं आणि मध्यमवर्गाच्या टेबलावर चांदी झळकायला लागली. वाईट वस्तू नव्हे, फक्त चांदी नव्हे. खऱ्या इंग्लिश चांदीवर चालता सिंह असतो, एक पंजा उचललेला. तो असला की चांदी हजारात ९२५. शेजारी गावाची खूण: लंडनचं बिबट्याचं तोंड, बर्मिंगहॅमचा जहाजी नांगर, शेफील्डचा मुकुट (१९७५ पासून गुलाब). मग वर्षाचं अक्षर आणि बनवणाऱ्याची आद्याक्षरं. १७८४ ते १८९० या काळातल्या बहुतेक मालावर राजाचं किंवा राणीचं मुंडकंही सापडतं, ती कर भरल्याची खूण. मुलामेवाले लबाड, तेही छोट्या चौकटीत ओळीने अक्षरं ठोकतात, लांबून अगदी हॉलमार्कसारखी. म्हणून दहापट मोठं दाखवणारं छोटं भिंग घे आणि किल्ल्यांच्या जुडग्यात अडकव.

चिनी मातीचंही तसंच. पालथ्या बशीवर नुसतं 'इंग्लंड' छापलं असेल तर ती साधारण १८९१ नंतरची, कारण अमेरिकेच्या नव्या जकात कायद्याने आयात मालावर देशाचं नाव सक्तीचं केलं. 'मेड इन इंग्लंड' असेल तर बहुधा विसाव्या शतकातली. आणि शंकरपाळ्यासारखी चौकट, कोपऱ्यांत अक्षरं-आकडे, असं दिसलं तर थांब. ती नमुना नोंदवल्याची खूण, १८४२ ते १८८३ मधली. एवढं पाठ असलं तरी 'दोनशे वर्षं जुनी' म्हणणाऱ्याकडे बघून गोड हसता येतं.

लाकडाबद्दल मात्र सावकाश सांगते, कारण तू इंटिरियर शिकलेली आहेस आणि तुझे पैसे तिथंच जाणार. खण पूर्ण बाहेर काढ. विचारून काढ, पण काढच. कोपऱ्यावर फळ्या एकमेकींत अडकवलेल्या दिसतील, आपले सुतारही त्याला डोव्हटेलच म्हणतात. हाताने कापलेले दात थोडे वेडेवाकडे असतात, एक जाड, एक बारीक, बाजूला आखणीची ओरखड्यासारखी रेघ. यंत्राचे एकसारखे, कंगव्यासारखे. मग खणाच्या तळावरून हात फिरव. हाताच्या करवतीच्या खुणा सरळ येतात, गोल करवतीच्या कमानीसारख्या, आणि कमानी दिसल्या तर ते लाकूड एकोणिसाव्या शतकाच्या मागे सहसा जात नाही. नाक आत घाल. जुन्या खणाला मेण, धूळ आणि कुणाच्या तरी कागदपत्रांचा वास असतो. नव्याला, जुनं दिसावं म्हणून फासलेल्या चहाच्या पाण्याचा किंवा पॉलिशचा. बारीक भोकं दिसली तर घाबरू नकोस, पण खाली पांढुरकी ताजी भुकटी पडलेली असेल तर कीड जिवंत आहे. ते कपाट घरात आणू नकोस, फुकट मिळालं तरी.

गोल टेबल असेल तर टेप काढ आणि दोन दिशांनी मोज. लाकूड रेषांच्या आडव्या अंगाने आकसतं, लांबीत जवळजवळ नाही. दीडशे वर्षांचं अखंड लाकडाचं गोल टेबल त्यामुळे किंचित लंबगोल झालेलं असतं. अगदी गोल भरलं तर शंका घे. मी पहिल्यांदा मोजलं तेव्हा सहा-सात मिलिमीटरचा फरक आला आणि मला त्या टेबलाबद्दल आदर वाटला.

वरचं कपाट एक, खालचे खण दुसरेच, असं जमवलेलं फर्निचरही फार. इथले व्यापारी त्याला 'लग्न लावलेलं' म्हणतात. पाठीमागून बघ, दोन्हींच्या फळ्या वेगळ्या निघतात. नांदताहेत तर नांदू देत, फक्त किंमत जोडप्याची देऊ नकोस.

स्वस्त आणि मजबूत हवं असेल तर सीसी-४१ चा ठसा शोध. पनीरच्या दोन चकत्यांना घास काढल्यासारखी ती खूण दिसते. दुसऱ्या महायुद्धात लाकूड टंचाईत सरकारने ठरवून दिलेल्या साध्या नमुन्यांचं हे फर्निचर, १९५२ पर्यंत चाललं. दिसायला गरीब, पण माझं एक टेबल तीस वर्षं डुगडुगलेलं नाही.

कुठं जायचं? शुक्रवारी पहाटे बर्मंडसी. सहाला सुरू होतं आणि व्यापारी एकमेकांत खरा व्यवहार लवकरच उरकतात. नऊनंतर आपण पर्यटक. मूळ बाजार उत्तरेला कॅलेडोनियन रोडजवळ भरायचा, युद्धानंतर इथं आला. मी आले तेव्हा इथं एक विचित्र जुना कायदा होता: अशा उघड्या बाजारात सूर्योदय ते सूर्यास्त या वेळेत प्रामाणिकपणे घेतलेली वस्तू चोरीची निघाली तरी घेणाऱ्याचीच. १९९५ मध्ये तो गेला. आता चोरीचा माल मूळ मालकाकडे परत जाऊ शकतो, म्हणून महागडं काही घेतलंस तर नाव-पत्त्याची पावती माग. बाजार आता आक्रसलाय, चौकात हॉटेल आणि घरं आली. तरी थंडीत टॉर्च लावून डब्यांत वाकलेली माणसं बघायलाच मी कधीकधी जाते.

मोठं सामान हवं तर केम्प्टन पार्कच्या घोड्यांच्या मैदानावर महिन्यातल्या दुसऱ्या आणि शेवटच्या मंगळवारी. पाऊस असेल तर आल्फीज, मेरिलबोनच्या चर्च स्ट्रीटवरचा छपराखालचा जुन्या वस्तूंचा बाजार. १९७६ पासून एका जुन्या डिपार्टमेंट स्टोअरच्या इमारतीत चालू आहे, मजल्यामागून मजले दिवे, आरसे, विसाव्या शतकातलं इटालियन फर्निचर. किमती ऐकून पाणी पी. समोरच भाजीबाजार असतो, तिथं कोथिंबीर घे म्हणजे रिकाम्या हाताने परतल्यासारखं वाटत नाही.

लिबर्टी नावाच्या मोठ्या दुकानातही एकदा जा, काही घेऊ नकोस. १९२४ मध्ये बांधलेल्या त्या इमारतीला दोन मोडीत काढलेल्या लढाऊ जहाजांचं लाकूड वापरलंय, त्यातल्या एकाचं नाव 'हिंदुस्तान'. जिन्याच्या कठड्याला हात लाव. आणि निऑनचे जुने बोर्ड बघायचे असतील तर वॉल्थमस्टोचं 'गॉड्स ओन जंकयार्ड'. घरात लावण्यासारखं त्यातलं काही नाही असं माझं मत, तुझं वेगळं असेल.

घासाघीस तुळशीबागेसारखी करू नकोस. तिथं अर्ध्यावरून सुरुवात करतो, इथं अर्धं म्हटलंस तर माणूस वर्तमानपत्र उघडतो. 'बेस्ट प्राइस काय?' एवढं विचारून गप्प राहा. दहा टक्के सुटतात, दोन वस्तू घेतल्या तर जरा जास्त. रोख ने.

तुझ्याकडे एक गोष्ट आहे जी यांच्याकडे नाही: आपल्याकडची वस्तू कशासाठी असते हे तुला ठाऊक आहे. त्याचा उपयोग कर. मागे एका टेबलावर पितळेचा कप्प्यांचा डबा होता, 'इंडियन ज्वेलरी बॉक्स' अशी चिठ्ठी लावून. उघडला तर एका कप्प्याच्या कोपऱ्यात पांढरी खरवड, नखाने खरडली तर चुना. पानाचा डबा! चौदा पौंडांना मिळाला. तसंच घंगाळं इथं कुंडी म्हणून विकलं जातं आणि तांब्या फुलदाणी म्हणून. ईस्ट इंडिया कंपनीचं नाव मात्र सगळ्यांनाच चिकटवतात. त्याचे पैसे देऊ नकोस.

उलट एक वस्तू दिसली तर तुझा हात थरथरेल, म्हणून आधीच सांगते. चंदनाची पेटी, झाकणावर चांदण्यांची, मधाच्या पोळ्यासारखी बारीक नक्षी. एकोणिसाव्या शतकात मुंबई-सुरतेला हे सादेली काम व्हायचं, इंग्रज त्याला 'बॉम्बे बॉक्स'च म्हणत. कथिलाची तार, आबनूस, रंगवलेलं शिंग, हस्तिदंत यांच्या बारीक काड्या एकत्र चिकटवून दांडा करायचा आणि अळूवडीच्या उंड्यासारख्या आडव्या चकत्या कापायच्या. प्रत्येक चकतीत तीच चांदणी. इथल्या एका थंड टेबलावर ती पेटी उघडली आणि चंदनाचा वास आला तेव्हा मी खुर्ची मागितली होती.

अडचण त्या हस्तिदंताची. २०२२ च्या जूनपासून इथं हस्तिदंताची खरेदी-विक्री बंद आहे. सवलती मोजक्या. अशा पेटीला सहसा लागू पडते ती सवलत अशी: वस्तू १९४७ च्या आधीची, हस्तिदंत दहा टक्क्यांहून कमी, आणि सरकारकडे नोंदणी, हे तिन्ही एकत्र हवं. नोंदणीचा कागद नसेल तर पेटी ठेव आणि पुढे चल, कितीही स्वस्त देऊ देत. कागद असला तरी ती भारतात न्यायचा विचारही नको. हस्तिदंत नेण्या-आणण्यावर दोन्हीकडे कडक निर्बंध आहेत आणि विमानतळावर आईला समजावता समजावता तुझा जीव जाईल. बघायचीच असेल तर व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये सादेलीचे नमुने आहेत, तिकीट नाही. तिथंच फर्निचरच्या दालनात दोन तास घालव. चांगलं कसं असतं ते नजरेत बसलं की बाजारातलं आपोआप कळायला लागतं.

माझं होकायंत्र राहिलं. ते मी तीन वर्षं पाहुण्यांना इंग्रज आरमाराच्या नेल्सनच्या काळातलं म्हणून दाखवलं. एकदा पुसताना खालचा मखमलीचा गोल निघाला आणि आत देवनागरीत पेन्सिलीने आकडा लिहिलेला होता, १७. कुणा कारागिराने नग मोजताना लिहिला असणार. तेव्हापासून ते मला जास्त आवडतं. तुझ्याची मखमल काढून बघ आणि काय निघतं ते कळव.

येत्या शुक्रवारी पावणेसहाला बर्मंडसीला ये. पायात लोकरीचे मोजे, खांद्यावर कापडी पिशवी, गुंडाळायला जुनी वर्तमानपत्रं. चहाचा थर्मास मी आणते, टॉर्च तू आण. माझ्याचे सेल संपलेत.

तुझी
मावशी