अंधारात चमकणारी पट्टी (ग्लो टेप) घरात खरंच उपयोगी पडते, की नुसती गंमत?

उपयोगी पडते, फक्त छतावर चांदण्या चिकटवण्यात ती वाया घालवू नका. लाईट गेल्यावर हात जिथे चाचपडतो तिथे लावा: पोटमाळ्याच्या शिडीच्या पायऱ्यांची कड, टॉर्चचा दांडा, मेन स्विचच्या पेटीचं झाकण. लॅचच्या भोकाभोवती नखाएवढा तुकडा पुरतो.

वायरिंगची कामं करतो, त्यामुळे दोन्ही प्रकार हाताळलेत. जुना झिंक सल्फाइडवाला माल तासाभरात विझतो. घेताना स्ट्रॉन्शियम अॅल्युमिनेट मागा. युरोपियम आणि डिस्प्रोशियम ही मूलद्रव्यं मिसळलेला हा चमकणारा पदार्थ 1990 च्या दशकात जपानमध्ये तयार झाला. तो कित्येक तास मंद हिरवा दिसत राहतो, किरणोत्सर्गी नाही, सेलही लागत नाही.

एक मात्र आहे, ही पट्टी आधी उजेड पिते, मग देते. चाळीतल्या ज्या पॅसेजमध्ये भर दुपारीही काळोख असतो तिथे ती मुळात भरणारच नाही. पांढऱ्या एलईडीखाली चांगली भरते, पिवळ्या बल्बखाली रडतखडत. आणि सुटी पावडर रंगात कालवायच्या भानगडीत पडू नका. पाणी लागलं की हा पदार्थ खराब होतो, आपल्याकडे पावसाळ्यात भिंतींना ओल येतेच. वर प्लास्टिकचा थर असलेली तयार पट्टीच घ्या.