विदर्भातल्या थंडीत विंटर टायर? थांबा, भाऊ

घाटंजीकडून पहाटे पाचला नागपूरले निघता, धुई पडते, गाडी घसरल्यासारखी वाटते, म्हणून विंटर टायर घ्यावे का, असं तुम्ही विचारलं. माझं उत्तर एका शब्दात: नको.

विंटर टायरचं रबर मुद्दाम नरम ठेवलेलं असतं. पारा साधारण ७ अंशांच्या खाली गेला की साधं रबर कडक होऊन पकड सोडतं, तिथं ते कामी येतं. तीन शिखरांच्या डोंगरात हिमकण, असं चिन्ह त्याच्या बाजूवर असतं. आपल्याकडं पहाटे कधी पारा तेवढा उतरतो, पण दुपारी बाराला तोच रस्ता तापलेला असतो. आणि एप्रिल-मेच्या ४५ अंशांत हे नरम रबर खोडरबरासारखं झिजेल. बर्फासाठी बनलेली वस्तू पऱ्हाटीच्या मुलखात कायले आणायची?

तुमची गाडी घसरते ती थंडीनं नाही, मातीनं. हिवाळ्यात गहू-हरभऱ्याचं ओलीत सुरू असतं. वावरातून निघालेला ट्रॅक्टर काळ्या मातीची ढेकळं डांबरावर सोडत जातो, रात्री त्यावर दहिवर पडतं, आणि सकाळी तिथं साबण लावल्यासारखा थर तयार. दोन वर्षांपूर्वी एका वळणावर माझी गाडी अशीच आडवी फिरली. वेग जेमतेम पन्नास होता, पण मागचे टायर गोटा झाले होते. चूक माझीच.

म्हणून आधी टायरची नक्षी किती खोल उरली ते पाहा. कायद्यानं किमान १.६ मिमी लागते, पण मी ३ मिमीवरच टायर बदलतो. खाचांत बसवलेल्या छोट्या उंचवट्यांबरोबर नक्षी आली, की टायर संपला समजा. दोनच नवे घेणार असाल तर ते मागं लावा, गाडी पुढच्या चाकांवर चालणारी असली तरी. पंक्चरवाला पुढं लावा म्हणेल, ऐकू नका. मागची चाकं सुटली तर गाडी सावरता येत नाही.

नक्षी कोणती? रोज पांदण रस्ता तुडवत असाल तरच जाड ठोकळ्यांचे ऑल-टेरेन घ्या. डांबरावर ते आवाज करतात, डिझेलही जास्त पितात. नाहीतर कंपनीच्याच मापाचे, साधे, खोल खाचांचे टायर पुरेत. घेताना बाजूवरचे चार आकडे वाचा: ३८२४ म्हणजे २०२४ चा अडतिसावा आठवडा. एका दुकानदारानं मला तीन वर्षं पडून राहिलेला माल 'नवा' म्हणून दाखवला होता.

हवेचंही बोलतो. तापमान पाच-सहा अंशांनी उतरलं की टायरमधली हवा सुमारे १ पीएसआयनं (हवेच्या दाबाचं माप) कमी होते. दुपारी गरम टायरात भरलेली हवा पहाटे तीन-चारनं कमी निघते. म्हणून सकाळी, गाडी थंड असतानाच, दाराजवळच्या स्टिकरवर लिहिली तेवढीच भरा.

आणि धुईत हाय बीम नको, समोर नुसती पांढरी भिंत दिसते.